हुक दोनदा खाली

३ फेब्रुवारी, सोमवार

बाबा हसले! मोठ्याने. जिन्यात ऐकू आलं.

आत आले तर टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेले. कानावर दादाचा जुना हेडफोन, हातात कंट्रोलर. दादाने नव्या घरात नवं गेमचं मशीन घेतलं आणि जुनं महिन्यापूर्वी इथे आणून जोडून दिलं. "निवृत्त झाल्यापासून भिंतीकडे बघत बसतात. त्यापेक्षा हे बघू देत." तेव्हा मला गंमत वाटली होती. एकसष्ट वर्षांचा, उभा जन्म मालाच्या यार्डात गेलेला माणूस काय गेम खेळणार! आता रोज साडेपाच ते साडेसात, घड्याळ लावल्यासारखे.

"कोणाशी खेळताय?" ऐकूच गेलं नाही. यार्डातल्या खडखडाटाने कान आधीच अर्धे गेलेत, त्यात हेडफोन. खांद्याला हात लावला तर दचकले. आणि मला पाहिल्यावर, हे मी अगदी स्पष्ट पाहिलं, चेहऱ्यावरचं हसू पुसलं.

का पुसलं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. "पलीकडे कोण असतं?" — "आहे एक." बस्स, एवढंच!

६ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रंथालयातून मला मागच्या महिन्यात ऑनलाइन फसवणुकीच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे मिळालेला 'परका माणूस ओळखण्याची दहा लक्षणं' हा तक्ता मी स्वतः देवघेव काउंटरमागे चिकटवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. ग्रंथपालबाई म्हणतात, "अगं, लोक पुस्तक बदलायला येतात, जबाब द्यायला नाही." म्हणू देत. दिव्याखाली अंधार नको म्हणून आज घरीच तक्ता लावून पाहिला.

बाबा आंघोळीला गेले तेव्हा मशीन सुरू केलं. बाबांचं तिथलं नाव 'दगड'. दादाची थट्टा, उघड आहे. मित्रांच्या यादीत एकच नाव. 'घार'.

घार! उंचावर फिरत राहायचं आणि नेम धरून झडप घालायची. याहून उघड नाव असतं का?

लक्षण एक, खरं नाव लपवतो. आहे. लक्षण तीन, रोज ठरावीक वेळी येतो. आहे. लक्षण चार, सुरुवातीला काहीच मागत नाही, आधी विश्वास कमावतो. आहे. लक्षण सात, त्याच्याविषयी विचारलं की घरचं माणूस विषय टाळतं. आहे, आहे!

दादाला फोन केला. "हा घार कोण?" तो एक क्षण थांबला. मग, "मला काय माहीत? भेटला असेल खेळता खेळता. तुला काय करायचंय? खेळू दे ना त्यांना." दादा कधी एक क्षण थांबत नाही. बोलायला लागला की समोरचाच थांबतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज अर्धा दिवस. साडेपाचला घरातच होते. हेतुपुरस्सर.

हा गेम मारामारीचा नाही, एवढं बरं. बेटाबेटांवर तुटलेले पूल असतात, ते बांधायचे. एक जण क्रेन चालवतो, दुसरा खाली उभा राहून हाताच्या खुणा करतो. बाबा खाली. पिवळी टोपी घातलेला एवढासा माणूस, तो म्हणजे दगड. घार वर, क्रेनच्या केबिनमध्ये. त्याचं तोंड दिसत नाही. अर्थात!

सव्वासहाला बाबा पाणी प्यायला उठले. मी पटकन हेडफोन कानाला लावला.

काहीच नाही. म्हणजे, माईक सुरू होता पलीकडचा, पण शब्द नाही. खुर्चीची करकर. एक खोकला. कुठेतरी भांडं आपटल्याचा आवाज. कोणीतरी बसलंय, श्वास घेतंय आणि बोलत नाहीये. बाबांचाही माईक सुरूच होता. म्हणजे रोज दोन-दोन तास हे दोघे एकमेकांचं घर ऐकत गप्प बसतात? आमच्या घरातलं सगळं त्याला ऐकू जातं. आईची बडबड, माझ्या येण्या-जाण्याच्या वेळा!

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ह्यांना जरा कुठे बरं वाटायला लागलंय, तर तू आलीस चाळणी घेऊन."

"आई, तो माणूस बोलत नाही!"

"मग चांगलंच आहे की. या घरात एक तरी न बोलणारा हवाच होता."

९ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं. बाहेरून संशय घेत बसण्यापेक्षा आत शिरायचं. दादाच्या घरी गेले. दादाची रविवारची पाळी होती, तेच हवं होतं. वहिनीला म्हटलं, मला हा पुलांचा गेम शिकव. ती आधी पाच मिनिटं हसली. मग तिने मला नवं खातं काढून दिलं. नाव सुचेना, म्हणून 'नवीन'. हो, मीही खरं नाव लपवलं! पण माझा हेतू वेगळा आहे.

कंट्रोलर म्हणजे एक दिव्यच. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा समुद्रात पडले आणि एकदा क्रेनला मिठी मारली. वहिनी म्हणाली, "वन्सं, ते शिक्का मारल्यासारखं बटण दाबू नका हो. ग्रंथालय नाही ते. बोट टेकवा नुसतं."

साडेपाचला दगड आला. दोन मिनिटांनी घार. मी आत येण्याची विनंती पाठवली, आणि बाबांनी ती घेतली. न विचारता, न बघता! कोण कुठला 'नवीन', चला आत. घरी आलेल्या मीटर तपासनिसालाही हे असेच चहा विचारतात.

मला काम दिलं दोर बांधायचं. माईक बंद ठेवून तासभर बघत राहिले. खरं लिहायचं तर — घार चांगला चालवतो. दगडाने बोट जरासं वर केलं की हुक जरासा वर. दगड थांबला की तिथल्या तिथे थांबतो. घाई नाही, आगाऊपणा नाही. एकदा मी मध्ये कडमडले तर घारीने अख्खा गर्डर हवेत धरून ठेवला, मी बाजूला होईपर्यंत.

लक्षण चार. विश्वास कमावतो.

पूल झाला. मग घारीने रिकामा हुक दोनदा खाली-वर केला. दोनदाच. आणि दगड चालत बाहेर पडला.

ती कसली खूण? वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही ठाऊक. आमच्यात असं कोणी करत नाही."

१० फेब्रुवारी, सोमवार

कळलं! वही उघडेपर्यंत धीर धरवत नव्हता.

संध्याकाळी बाबा गेम संपवून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तर्जनी वाकवली आणि दोनदा खाली केली. आईने न बोलता आधण ठेवलं. आमच्या घरात चहा कोणी तोंडाने मागत नाही. माझ्या लहानपणापासून हीच खूण.

आणि ती आली कुठून? यार्डातून.

बाबा सिग्नलमन होते. खाली उभं राहून हाताने दाखवायचं. वर केबिनमधल्या क्रेनवाल्याला खालचं धड दिसत नाही, ऐकू तर येतच नाही. त्याने फक्त सिग्नलमनचा हात बघायचा आणि तसं करायचं, हा तिथला नियम. वीस वर्षं बाबांच्या डोक्यावर एकच क्रेनवाला होता. शिडीसारखा उंच माणूस. मी त्यांना क्रेनकाका म्हणायची. चहाची वेळ झाली की ते वरून रिकामा हुक दोनदा खाली करायचे. ती त्या दोघांचीच खूण. जगात तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही, आम्ही सोडून.

घार म्हणजे क्रेनकाका.

पाच वर्षांपूर्वी गर्डरांची मोळी एकदम वर गेली, सुटली आणि बाबांचा डावा पाय तिच्याखाली आला. महिनाभर हॉस्पिटल. चौकशीसाठी लेखी निवेदन द्यायचं होतं. बाबा चौथी शिकलेले. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मी, तेव्हा शेवटच्या वर्षाला. बाबा म्हणत होते, "राहू दे गं, होतं असं कामात." मी म्हटलं, "नाही बाबा, खरं ते लिहायलाच हवं. माणसं गप्प बसतात म्हणूनच हे चालतं." दोन दिवस खपून लिहिलं. 'खालून कोणताही इशारा मिळालेला नसताना क्रेनचालकाने माल उचलला.' अजून पाठ आहे. बाबांनी कागद एक दिवस उशाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत गेले तर सही तयार होती.

काकांना केबिनमधून उतरवलं. मालगोदामाच्या फाटकावर नोंदवही घेऊन बसवलं. मला वाईट वाटलं होतं, नाही कसं. पण अभिमानही वाटला. माझ्या शिक्षणाचा पहिला खरा उपयोग. त्यानंतर ते कधी आमच्याकडे आले नाहीत, बाबाही त्यांच्याकडे गेले नाहीत.

आणि आता पाच वर्षांनी, नाव बदलून, तोंड लपवून हा माणूस रोज आमच्या घरात बसतो. कशासाठी? ज्याच्यामुळे केबिन गेली त्याचा विश्वास कमावून काय करायचंय त्याला? बाबांना तर पत्ताही नसेल!

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आंघोळीला गेले होते. घारीला यादीतून काढलं. परत येता येऊ नये म्हणून बंदीही घातली. दोन मिनिटांचं काम.

बरोबर तेच केलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साडेपाचला बसले. साडेसातला उठले. गेम सुरूच केला नाही, नुसती ती यादी उघडून बसले होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तसंच. आईने विचारलं, "काय हो, बिघडलं का?" म्हणाले, "नाही. कंटाळला असेल तो."

'तो' म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चहाही तोंडाने मागितला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादाचा फोन. आधी आईशी बोलला, मग म्हणाला, "तिला दे." आवाजावरूनच कळलं.

"तू काढलंस त्यांना?"

"तुला माहीत होतं ते कोण आहेत?"

"माहीत होतं? मी जोडून दिलं! त्यांच्या घरीही मशीन मीच नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी दोघांना सांगितलं, पलीकडे कोण आहे ते. दोघांपैकी एकही नको म्हणाला नाही."

म्हणजे बाबांना पहिल्यापासून ठाऊक!

"मग बोलत का नाहीत एकमेकांशी?"

"पाच वर्षं नाही बोलले, आता कुठून सुरू करतील? कुठला तरी पूल बांधता बांधता बोलतील, असं वाटलं होतं मला. महिन्याभरात पहिल्यांदा हसले बाबा. तेवढ्यात तुझा तक्ता आला."

मी म्हटलं, "दादा, मी जे लिहिलं ते खरं होतं. खऱ्याचा राग धरणाऱ्या माणसावर मी विश्वास कसा ठेवू?" तो म्हणाला, "तू ना, अगदी छापील आहेस." आणि फोन ठेवला.

तरी मी चुकले असं मला वाटत नाही. फक्त बाबा एकटे पडलेत, ते बघवत नाही. उद्या वहिनीकडे जाऊन 'नवीन' म्हणून त्यांच्याबरोबर खेळते. कोणीतरी हवं त्यांना.

१६ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

दगड एकटाच उभा होता, अर्ध्या पुलाखाली. मी आत गेले. क्रेन रिकामी होती, मीच चढले. वहिनी बाजूला बसून भाजी निवडत होती. माझा माईक बंद. तेवढ्यात हेडफोनमध्ये बाबांचा आवाज आला. इतके दिवस मी गेमसमोर गप्प बसलेले बाबाच बघत होते. परक्याशी ते असे बोलतात, हे मला माहीतच नव्हतं.

"या या, नवीन. तुम्ही वर बसणार? बसा. तो घार दिसला का हो तुम्हाला कुठे?"

मी हुक आडवा हलवला. नाही.

"बरं. बरं. चला."

गर्डर उचलायचा होता. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. दुसरं काही दिसतच नाही तिथून, फक्त पिवळी टोपी आणि तो हात. हात खाली होता. मग एकदम वर गेला. मी उचललं. आणखी काय बघणार होते? हात वर, म्हणजे उचल. दोर अजून नीट बसलेला नव्हता. गर्डर तिरका झाला, सुटला आणि सरळ दगडावर. पडद्यावर अक्षरं आली, 'दगड बाद'.

वहिनी किंचाळली, "अगं बाई, सासऱ्यांना मारलंत!"

मी कंट्रोलर खाली टाकला. कानात बाबा बोलत होते. अगदी शांत.

"घाबरू नका, नवीन. तुमची काही चूक नाही. मी चष्मा सारखा करायला गेलो आणि अंगठा बटणावर दाबला गेला माझा. हात माझाच वर गेला. वरच्याने काय करायचं? वरच्याने हातच बघायचा."

मग, "असाच गेला होता एकदा. खऱ्या यार्डात. घाम पुसायला हात वर नेला मी कपाळावर. त्याने बघितलं, उचललं. त्याचं कामच ते. पाय मोडला माझा, आणि नाव गेलं त्याचं. चूक माझी होती हो. मी कुणाला सांगितलं नाही. घरी पोरीने लिहून दिलं होतं सगळं. इतकं शुद्ध लिहिलं होतं, नवीन... पहिल्यांदाच लिहीत होती ती माझ्यासाठी काही. मला तिला खोडायला सांगवेना."

मग म्हणाले, "चला, परत मांडू या. तुम्ही चांगलं चालवता. घाई करू नका फक्त."

आम्ही परत मांडलं. मी डोळे पुसत पुसत चालवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या फाईलमध्ये त्या निवेदनाची प्रत आहे. पदवीच्या प्रमाणपत्राच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत. आज काढून वाचलं.

'खालून कोणताही इशारा मिळालेला नसताना.' हे मला कोणी सांगितलं? आठवून आठवून पाहिलं. बाबा एवढंच म्हणाले होते, "वर गेलं आणि सुटलं." मी विचारलं होतं, "तुमचा हात तर वर नव्हता ना?" त्यावर बाबांनी खिडकीकडे पाहिलं. मी लिहून टाकलं. वाक्य नेमकं हवं होतं ना मला! दहा लक्षणं तोंडपाठ असलेल्या मला समोरच्या माणसाचं खिडकीकडे बघणं दिसलं नाही.

बंदी उठवली. बाबांच्या नावाने परत विनंती पाठवली. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर नाही. काउंटरमागचा तक्ता काढला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "का गं? संपले का चोर?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारच्या सुट्टीत मालगोदामाच्या फाटकावर गेले. क्रेनकाका आहेत अजून तिथे. केस पांढरे झालेत, उंची तेवढीच. 'ते मी लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं,' एवढं कसंबसं बोलले आणि प्रत पुढे केली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"पाठ आहे मला. हॉस्पिटलात तुझ्या बापाला मीच वाचून दाखवलं. त्याला लिहिलेलं कुठे भराभर वाचता येतं! माझ्याच हातात दिला कागद. ऐकून रडायला लागला. म्हटलं, पोरीने सुरेख लिहिलंय, कर सही. खालच्याची चूक निघाली तर मोडक्या पायाने घरी पाठवतील. मला काय, नुसतं शिडीवरून उतरवतील. त्यानंतर तोंडच दाखवेना वेडा."

मी विचारलं, विनंतीला हो का नाही म्हणालात? म्हणाले, "ती त्याने पाठवली की दुसऱ्या कोणी, ते कळेना. खालचा हात ओळखीचा असल्याशिवाय मी उचलत नाही."

मग नोंदवही माझ्याकडे फिरवली. "लिही. फाटकाचा नियम आहे." नाव, वेळ, काम असे तीन रकाने. नाव लिहिलं. वेळ लिहिली. तिसऱ्यापाशी पेन अडलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच लिहिलं — 'घरी चहाला बोलावणे. साडेपाच.'